व्यसनमुक्तीच्या सचिवांचा बंपर ड्रॉ

उत्तमराव सोमकुंवरांनी आयुष्यातली पहिली दारूची बाटली साठी उलटल्यावर विकत घेतली, आणि तीही कायद्याच्या रक्षणासाठी. हे वाक्य त्यांनी नंतर पांढुर्ण्यात इतक्या जणांना ऐकवलं, की लोक ते त्यांच्या तोंडून निघायच्या आत स्वतःच म्हणून टाकू लागले. वाक्य मात्र अक्षरशः खरं होतं. उत्तमराव खोटं बोलत नसत. त्यांच्या सगळ्या अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

आधी तिगाव स्टेशनवर आणि नंतर पांढुर्ण्याला त्यांनी सबंध नोकरी पार्सल बाबू म्हणून काढली. संत्र्याची पेटी असो की कोणाची जुनी शिलाई मशीन, पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय, हे सगळं लिहिल्याशिवाय माल त्यांच्या खिडकीतून हलत नसे. रिकामा रकाना आणि उघडी गटार त्यांना सारखीच वाटे. दोन्हींत कोणी ना कोणी पडणारच. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराची पुढची खोली मोहल्ल्यातल्या मुलींच्या अभ्यासिकेला दिली, आणि लोकांनी त्यांना व्यसनमुक्ती समितीचं सचिवपद दिलं. समितीला अध्यक्षही होते, पण ते नागपूरला मुलाकडे राहायला गेले होते. कोषाध्यक्ष होते, पण कोष नव्हता. म्हणजे समिती म्हटलं की उत्तमराव आणि त्यांची छत्री.

गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, दारूचं दुकान होतं. ते जुनंच. दुकानाचं आणि गल्लीचं न बोलता जमलेलं होतं. गिऱ्हाईक यायचं, खिडकीत हात घालायचं, हात बाहेर काढायचं आणि खाली मान घालून निघून जायचं. मुली दुसऱ्या बाजूनं जायच्या. कोणाची कोणाला अडचण नव्हती.

बिघडलं ते शेजारच्या सौसर गावामुळे. तिथल्या ठेकेदारानं भाव उतरवले. पांढुर्ण्याचे रसिक वीस रुपये वाचवायला शंभराचं पेट्रोल जाळून सौसर गाठू लागले. हे पाहून पांढुर्ण्याच्या ठेकेदारानं त्याहून मोठं अस्त्र काढलं. प्रत्येक बाटलीवर एक कूपन. कूपनावर बंपर ड्रॉ. पहिलं बक्षीस एअर कूलर, दुसरं मिक्सर, तिसरं इस्त्री. वैशाखाचं ऊन तापलेलं, आणि दुकानाच्या ओट्यावर तो कूलर लाल रिबीन बांधून नवरदेवासारखा उभा. मग काय विचारता! बोरगावचे लोकसुद्धा हाताशी असलेलं सौसर सोडून इकडे येऊ लागले. खाली मान घालून जाणारे आता मान वर करून कूलर पाहत थांबू लागले. मोटारसायकली गल्लीत शिरल्या, त्या थेट उत्तमरावांच्या ओट्याला टेकल्या. पिणारा एरवी लपून पितो, पण बक्षिसाच्या आशेनं पिणारा ओळखीच्या माणसाला हाक मारून बोलावतो, हा शोध मोहल्ल्याला तेव्हा लागला.

आणि मुली यायच्या थांबल्या.

आधी दोघी-तिघी, मग बाकीच्या. शेवटी रामाजी स्वतः आले. संत्रा मंडीत पेट्या भरणारा हा सरळ माणूस. त्यांची पल्लवी अभ्यासिकेतली सगळ्यांत हुशार मुलगी, आणि तिची पटवारीची, म्हणजे तलाठीपदाची, परीक्षा महिन्याभरावर आलेली.

“बाबूजी, तुमच्यावर भरोसा हाय,” रामाजी चप्पल न काढता दारातच म्हणाले. “पर तुमच्या गल्लीवर नाई. पोरगी घरीच अभ्यास करन.”

“घरी?” मागून पल्लवी म्हणाली. “बाबा, घरी तं मी पोळ्याच लाटीन. मागच्या सालीबी घरीच अभ्यास करून राहिली होती.”

“यंदा लागली तं लागली. नाई तं लगीन. सांगतलं न एकदा,” रामाजी म्हणाले आणि निघाले. पल्लवीनं जाताना वह्या-पुस्तकं उचलली नाहीत. ती तिथंच ठेवली. उत्तमरावांना ते फार लागलं. ज्याची पावती झाली नाही असा माल त्यांच्या खोलीत प्रथमच पडून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पल्लवी पुस्तकं घेण्याच्या निमित्तानं आली आणि मोबाइल पुढे धरला. आबकारीच्या, म्हणजे दारूच्या खात्याच्या अटी होत्या, सरकारी हिंदीत. ती वाचत गेली तसतसा उत्तमरावांचा चष्मा वर सरकत गेला. दुकानदारानं ठरलेल्या कमाल भावाच्या वर विकायचं नाही, हे ठीक. पण ठरलेल्या किमान भावाच्या खालीही विकायचं नाही. सूट नाही, एकावर एक नाही, भेटवस्तू नाही, सोडत नाही, जाहिरात नाही.

शेजारचे पुंडलिकराव डिगरसे कुंपणावर हात टेकून ऐकत होते. संत्र्याचा व्यापार आणि फुकटचा सल्ला हे त्यांचे दोन धंदे, पैकी दुसरा बारमाही.

“थांब वं पोरी,” ते म्हणाले. “म्हंजे महाग इकली तं गुन्हा. सस्ती इकली तं गुन्हा. अन् फुकट देली तरी गुन्हा! मंग दुकानदारानं करावं तरी काय?”

“लिहिलेल्या भावानं विकावी आणि चूप बसावं,” उत्तमराव म्हणाले.

“बाप्पा! साडीवाला सेल लावते, खतवाला लावते, आमचा संत्रा तं मंडीत रोजच सेलवर असते. त्याचा किमान भाव नाई बांधला कोनी. दारूच तेवढी इज्जतीची झाली!”

उत्तमरावांना मात्र अट सापडली होती, आणि अट सापडलेला पार्सल बाबू हा सोडलेल्या इंजिनासारखा असतो. ते छत्री उघडून आबकारीच्या साहेबांना गाठायला निघाले.

साहेब म्हणजे तेजस्विनी मॅडम, आबकारीच्या तरुण अधिकारी. त्यांच्याकडे पांढुर्णा आणि सौसर असा दोन्हीकडचा कारभार. उत्तमराव पांढुर्ण्याला गेले तर मॅडम सौसरला. बसमध्ये बसून सौसर गाठलं तर मॅडम नुकत्याच पांढुर्ण्याला निघालेल्या. उलट्या बसनं आले तर रस्त्यातच त्यांची जीप पुन्हा सौसरकडे जाताना दिसली. उत्तमरावांनी खिडकीतून छत्री हलवली. मॅडमना वाटलं कोणी नमस्कार करतंय. त्यांनीही हात हलवला. शेवटी कंडक्टरनंच सल्ला दिला, “बाबूजी, एका जागी बसा. त्या येतीनच.” तसे ते बसले आणि त्या आल्या.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. “काका, तुमचं बरोबर आहे. पण मी गेले की ते कूपन लपवतात. कूलर म्हणे दुकानाच्या वापराचा आहे. मला धरायला काही तरी पायजे. बाटली, तिचं बिल आणि सोबत मिळालेलं कूपन. आणि साक्ष द्यायला टिकणारा माणूस.”

घरी येऊन त्यांनी हे सांगताच पुंडलिकराव कुंपण ओलांडून आत आले. “एवढंच न? पुरावा मी आनून देतो. म्हनान तं रोज आनून देतो.”

आणि त्यांनी खरंच आणला. अडचण एवढीच, की संध्याकाळी आणलेला पुरावा सकाळपर्यंत पुराव्याच्या स्थितीत राहत नसे. बिल त्यांनी मागितलं नव्हतं. कूपन त्यांनी स्वतःच्या नावानं पेटीत टाकलं होतं, कारण “टाकलं तं काय बिघडते?” दोन दिवस असा पुरावा गोळा झाल्यावर त्यांच्या पत्नी देवकाबाईंनी कुंपणाचं फाटक आतून बांधून घेतलं.

“टिकणारा माणूस” या शब्दांवर उत्तमराव रात्रभर अंथरुणात वळत राहिले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते उभे राहिले तेव्हा वत्सलाबाईंनी विचारलं, “कुठी निघाले?”

“दारू आणायला.”

वत्सलाबाईंनी हातातली पोळी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, मगच बोलल्या. “पेनारे पाहिले, पाजनारे पाहिले. कायद्यासाठी घेनारा माह्या नशिबी होता तं. पिशवी घेऊन जा. हातात धरून येऊ नका.”

दुकानापाशी ते पोचले आणि गर्दीच्या माना वळल्या. तिगावचा जुना हमाल गुणवंता रांगेत होता. तो पटकन बाजूला झाला. “सरका बे सारे! बाबूजीले पयले द्या. साहेब, तुमी काऊन तरास घेतला? मले सांगायचं, घरी आनून देलं असतं.” लोकांनी एवढ्या आदरानं वाट करून दिली, की निवृत्तीच्या दिवशीही उत्तमरावांचा एवढा मान झाला नव्हता.

खिडकीत मॅनेजर भूपेंद्र होता. गोड बोलणारा, केसांना तेल, बोटांत तीन अंगठ्या. “आइए बाबूजी! क्या दूँ?”

“जो सबसे सस्ता हो. बिल के साथ.”

मागे कोणी तरी हसलं. भूपेंद्र मात्र गोंधळला. बिलाचं मशीन होतं, पण त्यात कागद नव्हता, कारण आजवर ते कोणी मागितलं नव्हतं. उत्तमराव म्हणाले, थांबतो. ते थांबले म्हणून सगळी रांग थांबली. शेजारच्या औषधाच्या दुकानातून कागदाचं भेंडोळं आलं. ते बसेना. मग रांगेतल्या एका इलेक्ट्रिशियननं आत जाऊन बसवून दिलं. दुपारच्या उन्हात तहानलेल्या माणसांनी तेवढ्या वेळात बिल या वस्तूबद्दल जे उद्गार काढले ते इथं देता येत नाहीत. शेवटी मशीन खरखरलं आणि बिल आलं. पाठोपाठ बाटली आली आणि तिच्यावर, अगदी अदबीनं, कूपन.

कूपनाचे दोन भाग होते. एक भरून पेटीत टाकायचा, दुसरा जवळ ठेवायचा. उत्तमरावांना दुसरा हवा होता. पण भूपेंद्रनं पेन पुढे केलं. “भर दीजिए बाबूजी, किस्मत का क्या भरोसा.”

इथं दुसरा कोणी असता तर त्यानं काही तरी खरडलं असतं. रांगेतले निम्मे लोक तर कूपनावर मेव्हण्याचं नाव लिहीत. पण समोर छापील रकाने होते. नाव. पत्ता. मोबाइल. व्यवसाय. पद, असल्यास. उत्तमरावांनी चष्मा लावला, पेन झटकलं आणि सुवाच्य अक्षरात सगळे रकाने भरले. शेवटच्या रकान्यापाशी हात थोडा थबकला. पण पद होतं. ‘असल्यास’ असं विचारलं होतं. त्यांनी लिहिलं: सचिव, व्यसनमुक्ती समिती.

आता बाटली ठेवायची कुठे? घरात वत्सलाबाई ठेवू देईनात. अभ्यासिकेत शक्यच नाही. पुंडलिकराव “माह्याकडं ठेवा, सांभाळतो” म्हणाले, ती विनंती सर्वानुमते फेटाळण्यात आली. शेवटी ती स्कूटरच्या डिकीत कुलुपात ठेवली. पण डिकीत दारू घेऊन बुद्धविहारात कसं जायचं, बाजारात कसं जायचं? म्हणून उत्तमराव सगळीकडे पायी जाऊ लागले. तोवर त्यांनी दुकानातून बाटली घेतल्याची बातमी गावभर झालीच होती. तिला ही पुरवणी जोडली गेली.

“सोमकुंवर बाबू घेतात म्हने आताशा.”

“हो. पर मानूस जिम्मेदार हाय. घेतली का गाडीले हात लावत नाई. पायीच फिरते.”

उत्तमरावांच्या आयुष्यात त्यांची इतकी स्तुती आणि इतकी बदनामी एकाच वाक्यात कधी झाली नव्हती.

मॅडमनी बिल पाहिलं, कूपन उलटंसुलटं केलं आणि कपाळावर हात ठेवला. “काका, बिल पक्कं आहे. पण या कूपनावर दुकानाचं नावच नाही. ठेकेदार म्हणेल, आमचं नाहीच. दारूचा आणि बक्षिसाचा संबंध कुठं लिहिलाय?”

उत्तमरावांनी कूपन हातात घेऊन पाहिलं. खरंच. छापणाऱ्यानं पाठवणाऱ्याचा रकानाच ठेवला नव्हता! एवढी मोठी चूक आपल्या नजरेतून सुटली, याचं त्यांना बदनामीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

मग रविवार उजाडला. संध्याकाळी विहारात वंदना होती. उत्तमराव नेहमीसारखे पुढे बसून पंचशील म्हणवून घेत होते. काही लोक त्यांच्याकडे पाहत होते, काही मुद्दाम पाहत नव्हते. चार शीलं झाली. पाचवं, मद्यापासून दूर राहण्याचं, सुरू झालं, आणि त्याच क्षणी मोठ्या रस्त्यावरचा भोंगा खरखरला.

“बंपर ड्रॉ! पहला पुरस्कार, शानदार एअर कूलर! विजेता हैं... श्री उत्तम सोमकुंवर! रिटायर्ड पार्सल बाबू, भारतीय रेल! पता...” पत्ता भोंग्यानं पूर्ण सांगितला. मोबाइल नंबरही सांगितला. रकाने भरलेलेच होते. “और पद... सचिव, व्यसनमुक्ति समिति! ज़ोरदार तालियाँ!”

विहारात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उत्तमरावांनी पाचवं शील शेवटपर्यंत म्हटलं, आवाज जराही कापू न देता. त्यांच्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड ड्यूटी होती. मग वाकून वंदन केलं आणि छत्री विसरून बाहेर पडले.

घरी वत्सलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. “साऱ्या जिंदगीत एक इनाम लागलं,” त्या म्हणाल्या, “अन् ते बी कुठचं!”

मोबाइल वाजत होता. भोंग्यानं नंबर सांगितल्यापासून तो थांबलाच नव्हता. कोणी अभिनंदन करत होतं, कोणी कूलर विकणार का विचारत होतं. बोरगावच्या एका अनोळखी माणसानं तर समितीचं सभासदत्व मागितलं.

सल्ले कुंपणावरून येऊ लागले. पुंडलिकराव म्हणाले, “सांगून द्या, तो उत्तम सोमकुंवर दुसरा.” पण पत्ता, नंबर, नोकरी, पद इतकं सगळं जुळणारा दुसरा कुठून आणायचा? देवकाबाई म्हणाल्या, “महिनाभर नागपूरले निघून जा.” पण तिकडे समितीचे अध्यक्ष आधीच गेलेले. पुंडलिकरावांची शेवटची सूचना अशी, की आपण मोठं मन करून तो कूलर त्यांच्या नावे करून द्यावा आणि मोकळं व्हावं. एवढी कूपनं टाकून आपलं एकही निघू नये, हे दुःख त्या सूचनेत स्पष्ट दिसत होतं.

सकाळी भूपेंद्र स्वतः हार घेऊन दारात हजर. “बाबूजी, शेठ बहुत खुश हैं! परसों शाम को कार्यक्रम है। फ़ोटो होगा, वीडियो होगा। व्यसनमुक्ति के सचिव कूलर ले रहे हैं, सोचिए, इससे बढ़िया बात क्या होगी! सौसरवाले जल मरेंगे।”

उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. “चालते व्हा!” हे शब्द ओठांवर आले. पण त्यांच्याआधी, सवयीनं, दुसरेच बाहेर पडले. “माल कोणाकडून, कोणाला, कशाबद्दल, हे लिहून दिल्याशिवाय मी कधीच माल उचलला नाही.”

“अरे, जो बोलेंगे लिख देंगे! शेठ का ठप्पा भी लगा देंगे।”

वत्सलाबाईंनी स्वयंपाकघरातून वाकून पाहिलं. त्यांचे यजमान हसत होते. लग्नाच्या फोटोतही ते इतके हसले नव्हते.

“येतो,” ते भूपेंद्रला म्हणाले. “पण पावती पूर्ण पाहिजे. एकही रकाना रिकामा नको.”

तो गेल्यावर त्यांनी मॅडमना फोन लावला. “मॅडम, परवा संध्याकाळी माझा सत्कार आहे. दारूच्या दुकानापाशी. तुम्ही यावं अशी आग्रहाची विनंती.”

सत्काराला पांढुर्णा लोटलं. मंडपाच्या पडद्यामागे दुकान, समोर कूलर, त्यावर आणखी एक रिबीन. उत्तमराव इस्त्रीच्या शर्टात आले. विहारातली मंडळी लांब उभी होती, न जवळ येता, न निघून जाता. रामाजी मंडीतून थेट आले होते आणि हाताची घडी घालून बघत होते. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी साध्या ड्रेसमध्ये, डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई रस पीत उभी होती. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

ठेकेदार शेठनं हार घातला. कॅमेरे वर झाले. उत्तमरावांनी कूलरला हात लावला नाही. त्यांनी हात पुढे केला, कागदासाठी. भूपेंद्रनं छापील लेटरहेड काढलं. उत्तमराव सांगत गेले, तो मान डोलावत लिहीत गेला. दुकानाचं नाव. परवाना क्रमांक. घेणाऱ्याचं नाव. बिलाचा क्रमांक, जो उत्तमरावांनी खिशातून बिल काढून वाचून दाखवला. कूपनाचा क्रमांक.

“अब लिखो, किस बात का इनाम,” उत्तमराव म्हणाले.

“दारू की खरीदी पर,” भूपेंद्र लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला.

“माइकवर सांगा न,” उत्तमराव नम्रपणे म्हणाले. “मागच्या लोकांना ऐकू नाही गेलं.”

माइक मिळालेल्या माणसाला थांबवणं शेठलाही जमत नाही. भूपेंद्रनं योजना पहिल्यापासून समजावली. एका बाटलीवर एक कूपन. जितक्या बाटल्या तितकी कूपनं. तीन घेतल्या तर भावातही आपलेपणा. सौसरपेक्षा स्वस्त, ही गॅरंटी. आणि पुढच्या महिन्यात मोटारसायकल! टाळ्या झाल्या. शेठनं कागदावर सही केली आणि शिक्का मारला. शाई थोडी पुसट आली, तर उत्तमरावांनी पुन्हा मारायला लावला.

मग त्यांनी कागदावर फुंकर घालून तो वाळवला, घडी न घालता हातात धरला आणि उसाच्या गाड्याकडे वळून म्हणाले, “या मॅडम. माल पोचला.”

ओढणी डोक्यावरून खाली आली. तेजस्विनी मॅडमनी ग्लास ठेवला, पैसे दिले आणि मंडपात शिरल्या. भूपेंद्रच्या हातात माइक अजून चालू होता, त्यामुळे त्याचं “अरे बाप रे” रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेलं.

पंचनामा जागीच झाला. शेठ म्हणाला, कूपन आमचं नाहीच. मॅडमनी त्याला त्याचा शिक्का दाखवला. शेठ म्हणाला, बक्षीस प्रेमानं दिलं. मॅडमनी त्याच्याच माणसानं काढलेला व्हिडिओ मागून घेतला. शेठनं भूपेंद्रकडे पाहिलं, आणि भूपेंद्रनं कूलरकडे. पेटी उघडून कूपनं मोजली गेली. त्यात पुंडलिकराव डिगरसे या नावाची किती निघाली ते पंचनाम्यात नमूद आहे. देवकाबाईंनी तो आकडा उभ्या उभ्या ऐकला, एवढं इथं पुरे.

घरून ढकलत आणलेल्या स्कूटरच्या डिकीतली बाटलीही त्याच वेळी कुलूप काढून सर्वांसमोर जमा झाली. सील जसंच्या तसं होतं. ती मॅडमनी उजेडात धरून दाखवली तेव्हा विहारातली लांब उभी असलेली मंडळी पुढे आली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा खऱ्या टाळ्या झाल्या. गुणवंतानं सगळ्यांत जोरात वाजवल्या. “मी तं पयलेच म्हनलं होतं,” तो शेजाऱ्याला सांगत होता, “साहेब कामानंच आले असतीन.” त्यानं असं काही म्हटलेलं नव्हतं. पण विजयाच्या दिवशी कोण कोणाची नोंद तपासतो? उत्तमरावांनीही तपासली नाही.

दुकानाला काही दिवस टाळं लागलं. उघडलं ते जुन्या भावानं, जुन्या मापानं, कूलरशिवाय. घाबरून सौसरवाल्यानंही भाव पूर्ववत केले. ओट्याला टेकलेल्या मोटारसायकली गेल्या, आणि गिऱ्हाईक पुन्हा खाली मान घालून येऊ-जाऊ लागलं. दारू तीच, पण गल्ली परत मिळाली.

राहिला कूलर. तो मुद्देमाल. निकाल लागेपर्यंत सांभाळायला हवा, आणि मॅडमच्या खोलीत खुर्चीसुद्धा आडवी करून ठेवावी लागे. अशा वेळी जप्त वस्तू लेखी हमी घेऊन भरवशाच्या माणसाकडे ठेवतात. त्याला सुपुर्दनामा म्हणतात. भरवशाचा माणूस शोधायला मॅडमना लांब जावं लागलं नाही.

उत्तमरावांनी सुपुर्दनामा तीनदा वाचला. वस्तू विकू नये, दुसऱ्यास देऊ नये, बोलावल्यावर हजर करावी, चालू स्थितीत ठेवावी.

“मॅडम, चालू स्थितीत आहे हे मला कसं कळेल?”

मॅडम जराही हसल्या नाहीत. “रोज चालवून पाहत जा, काका.”

म्हणून तो कूलर अभ्यासिकेत उभा राहिला, रिबीन काढून. पहिल्या दिवशी दोघी-तिघी आल्या, दुसऱ्या दिवशी बाकीच्या. पल्लवीची पुस्तकं जिथं होती तिथंच होती. ती येऊन बसली आणि जिथं थांबली होती तिथून पान उघडलं. पुंडलिकराव खिडकीच्या बाहेर कुंपणापाशी खाट टाकून पडू लागले. खिडकीतून येणारी हवा जप्तीत मोडत नाही, असं त्यांचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रामाजी आले. उत्तमराव उठून उभे राहिले. रामाजींच्या हातात पाण्यानं भरलेली बादली होती.

“पल्लवी सांगत होती, सरकारी माल हाय म्हने,” ते म्हणाले. “कोरडा चालला तं मोटर जळते. मंग तुमाले जवाब द्या लागन.”

त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, आत आले, आणि एक थेंब न सांडता कूलर भरला. मग क्षणभर मुलीच्या वाकलेल्या मानेकडे पाहत राहिले. तिनं वर पाहिलं नाही. गणित अडलं होतं.

“याले किती वाजेपर्यंत चालू ठेवा लागते, बाबूजी?”

“कागदात वेळ लिहिलेली नाही,” उत्तमराव म्हणाले. एखाद्या रिकाम्या रकान्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला होता.

रामाजींनी रिकामी बादली उचलली. “मंग चालू द्या,” ते हळूच म्हणाले, आतल्या मुलींना त्रास होणार नाही अशा आवाजात. “पानी मी आनत जाईन.”